पटकीच्या जंतूची ओळख

पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा वाकडा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात निश्चित केला, तेव्हा चोर सापडला असे पुष्कळांस वाटले. परंतु नद्यांच्या पाण्यात तसेच दिसणारे निरुपद्रवी जंतूही आढळू लागले. १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. अशा समयी पाण्यातील वा अन्नातील जंतू खरा की तोतया, हे त्वरित ठरविल्यावाचून गत्यंतर नव्हते.

१८९६ साली व्हिएन्ना येथे माक्स ग्रुबर व त्यांच्यापाशी अभ्यासास आलेले इंग्रज संशोधक हर्बर्ट डरहॅम यांनी सोपी युक्ती शोधली. पटकीचे जंतू टोचलेल्या जनावराच्या रक्तातील रस घ्यावयाचा आणि तो संशयित जंतूंच्या गढूळ पाण्यात मिसळावयाचा. जंतू पटकीचे असतील तर ते परस्परांस चिकटून त्यांचे पुंजके होतात व पाणी निवळते. परके असतील तर पाणी गढूळच राहते.

कसोटी मिळाली, पण कसोटीची कसोटी कोणी घ्यावी? १९०५ साली सिनाई द्वीपकल्पातील एल टोर या क्वारंटाईन ठाण्यावर, मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंच्या प्रेतांत गोटश्लिख यांना जे जंतू मिळाले, त्यांचे या रसाने हुबेहूब पटकीच्या जंतूंप्रमाणे पुंजके झाले. मृतांना मात्र पटकीची लक्षणे नव्हती. मग कसोटी खोटी, की जंतू खरा? रोग्याशी जुळेल तोवर कसोटी प्रमाण, आणि न जुळेल तेव्हा जंतूच निराळा, असा न्याय बहुतेकांनी लावला. तो विलक्षणच म्हटला पाहिजे. तरीही 'एल टोर' कित्येक वर्षे पटकीच्या पंगतीबाहेर राहिला.

कसोटीत दोष होता, हेही तितकेच खरे. १९३५ साली गार्डनर व वेंकटरामन यांनी त्याचे मूळ दाखविले. जंतूच्या शेपटीतील द्रव्ये त्याच्या निरुपद्रवी भाऊबंदांतही असतात, त्यामुळे त्यांचेही पुंजके होतात. म्हणून शेपटीवर विसंबून न राहता अंगावरील द्रव्य ओळखणारा रस वापरावा, असे ठरले. पटकीच्या जंतूचा गट पहिला मानला गेला. या शुद्ध केलेल्या कसोटीसही एल टोर उतरलाच!

पुढे १९६१ साली इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरून त्याच एल टोरची साथ उठली. दुसऱ्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्या रोगास पटकीच मानले. १९६४ साली ती साथ हिंदुस्थानात पोहोचली.

यानंतर पहिल्या गटाच्या रसावर सर्वांचा भरवसा बसला. तोच १९९२ साली मद्रासेत व पाठोपाठ बंगालमध्ये रोगी आले. लक्षणे अस्सल पटकीची, पण रस घातला तर पुंजका एकही नाही! शोध घेता तो नवाच गट निघाला. त्यास १३९ हा क्रमांक मिळाला, आणि प्रयोगशाळांतून पहिल्या रसाच्या कुपीशेजारी दुसरी कुपी ठेवण्यात आली.