चेंडू हाती, पाय जागेवर : नेटबॉलची ओळख

बंगळुरू : येथील कोरमंगला इनडोअर स्टेडियममध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये झालेल्या आशियाई नेटबॉल अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सिंगापूरने गतविजेत्या श्रीलंकेवर ६७-६४ अशी मात केली. एका सामन्यात १३१ गोल आणि विजयाचे अंतर अवघे तीन गोलांचे. आशियाई स्तराची ही चुरस भारतातच पाहायला मिळाली, तरी नेटबॉल म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आपल्याकडील क्रीडाप्रेमींनाही पडतो. ‘मुलींचे बास्केटबॉल’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर अर्धेच खरे आहे.

अर्धे खरे अशासाठी, की दोन्ही खेळांचे मूळ एकच. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉल सुरू केले. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन यांनी विद्यार्थिनींसाठी त्यात बदल केले. मैदानाचे तीन भाग पाडले, खेळाडूला आपल्या भागाबाहेर जाण्यास मनाई केली आणि चेंडू तीन सेकंदांहून अधिक काळ हातात ठेवू नये, असे ठरवले. स्त्रियांना धावपळ झेपणार नाही, अंगझटीचा खेळ त्यांना शोभणार नाही, अशी त्या काळची समजूत होती. त्याच दशकात हा खेळ इंग्लंडमध्ये मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात पोहोचला. तेथे टोपलीऐवजी लोखंडी कडे आले आणि १९०१ मध्ये नियम छापले गेले. ब्रिटिश वसाहतींतील मुलींच्या शाळांमधून तो पुढे जगभर गेला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र १९७० पर्यंत त्याचे अधिकृत नाव ‘महिला बास्केटबॉल’ हेच होते.

गंमत अशी, की स्त्रियांना जपण्यासाठी घातलेली ही बंधनेच आज या खेळाचे खरे कौशल्य ठरली आहेत. मराठी वाचकाला हे समजणे कठीण नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे वळता येत नाही. ती मनाईच खो-खोला खो-खो बनवते. नेटबॉलमध्ये तेच काम पायांवरील बंधन करते. चेंडू झेलताना जो पाय प्रथम जमिनीला टेकतो, तो उचलला तरी चेंडू हातातून सुटेपर्यंत पुन्हा टेकवता येत नाही. चेंडू आपटत पुढे नेण्याची सोय नाही. तीन सेकंदांत तो सहकाऱ्याकडे गेलाच पाहिजे. त्यामुळे ज्याच्या हाती चेंडू आहे तो जवळजवळ स्तब्ध आणि ज्यांच्या हाती नाही त्यांची मोकळ्या जागेसाठी अखंड धावपळ, असे दृश्य दिसते. नवख्या प्रेक्षकाने चेंडूवर डोळे खिळवले, तर निम्मा खेळ त्याच्या नजरेतून सुटतो.

मैदान ३०.५ मीटर लांब व १५.२५ मीटर रुंद असते. त्याचे तीन समान भाग असतात आणि दोन्ही टोकांना ४.९ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळाकार गोलक्षेत्र असते. खांबावरील कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते व त्यामागे फळी नसते. प्रत्येक संघात सात खेळाडू असतात. त्यांच्या छातीवर व पाठीवर क्रमांकाऐवजी स्थानदर्शक अक्षरे असतात आणि कोणी कुठवर जायचे, हे ती अक्षरे ठरवतात. ‘सी’ म्हणजे सेंटर तिन्ही भागांत फिरू शकते, पण दोन्ही गोलक्षेत्रे तिला वर्ज्य. गोल करण्याचा अधिकार फक्त गोल शूटर व गोल अटॅक या दोघींना आणि तोही गोलक्षेत्राच्या आतूनच. गोल कीपर व गोल डिफेन्स त्यांना रोखतात, तर विंग अटॅक व विंग डिफेन्स मधली साखळी सांभाळतात. एक संपूर्ण भाग ओलांडून चेंडू परस्पर पुढच्या भागात फेकता येत नाही, वाटेत कोणाचा तरी स्पर्श झालाच पाहिजे. सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा असतो आणि प्रत्येक गोलाला एकच गुण मिळतो.

बचावाचा नियमही वेगळा आहे. चेंडू हाती असलेल्या खेळाडूला हात उंचावून अडवायचे, तर किमान ०.९ मीटर अंतर राखावे लागते. ते मोडल्यास दोषी खेळाडूला शिक्षेचा चेंडू टाकणाऱ्याच्या शेजारी उभे राहावे लागते आणि चेंडू सुटेपर्यंत तिला खेळात भाग घेता येत नाही. या नियमामुळे उंचीला मोठे मोल येते. श्रीलंकेची तर्जिनी शिवलिंगम ही २.०८ मीटर उंचीची गोल शूटर त्याचे ठळक उदाहरण आहे.

आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९६० मध्ये कोलंबोत झाली आणि १९६३ पासून विश्वचषक सुरू झाला. केपटाऊन येथे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने बारावे विजेतेपद पटकावले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९९५ मध्ये मान्यता दिली, पण ऑलिम्पिकचे दार अद्याप उघडलेले नाही. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांत मात्र १९९८ पासून नेटबॉलला स्थान आहे.

भारताचा प्रश्न इथेच सुरू होतो. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत प्राची तेहलान हिच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ यजमान म्हणून उतरला. त्यागराज संकुलातील अंतिम सामना न्यूझीलंडने दुहेरी जादा वेळेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ६६-६४ असा जिंकला आणि दिल्लीकरांनी एक दर्जेदार लढत पाहिली. त्यानंतर २०१४, २०१८ आणि २०२२ या तिन्ही राष्ट्रकुल स्पर्धांत भारतीय संघ दिसला नाही.

देशांतर्गत स्पर्धांची उणीव आहे, असे नाही. शालेय राष्ट्रीय स्पर्धांत हा खेळ आहे, २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत भावनगर येथे त्याचे सामने झाले. अडचण बहुधा पायाभूत सवयींची आहे. अनेक ठिकाणी सराव बास्केटबॉलच्या मैदानावर, फळीच्या कड्यावर होतो. फळीचा आधार घेऊन चेंडू टाकण्याची सवय लागलेल्या हाताला मोकळे कडे परके वाटते. खरे तर दोन खांब, दोन कडी, एक चेंडू आणि आखलेले मैदान एवढ्यावर शाळेचे काम भागते.

अहमदाबादला मिळालेल्या २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी निश्चित झालेल्या खेळांत नेटबॉल आहे. त्या वेळी विशीत असणाऱ्या खेळाडू आज शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत. त्याआधी २०२७ मध्ये सिडनी येथे विश्वचषक होणार असून तेथील प्रवेश पात्रतेच्या बळावरच मिळवावा लागतो.