बिन आणि कोम : दप्तरातील पूर्वज

दप्तरांच्या आधारे पूर्वजांचा शोध हा विषय निघाला की आयर्लंडचे उदाहरण हटकून दिले जाते. तेथे १८६४ पासून जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सार्वत्रिक नागरी नोंदणी सुरू झाली. १९२२ च्या यादवीत डब्लिनचे अभिलेखागार जळून जुन्या शिरगणतीचे बहुतेक कागद नष्ट झाले. नागरी नोंदी मात्र वाचल्या. अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात गेलेल्या आयरिश घराण्यांचे वंशज आज त्यांच्याच आधारे मूळ गावापर्यंत पोहोचतात. तेथील जन्मनोंदीत आईचे माहेरचे आडनावही असते. त्यामुळे वंशवृक्षाची ती फांदी तुटत नाही.

आपल्याकडे हाच शोध जासईसारख्या गावी घ्यायचा म्हटले तर काय हाती लागते? उरण तालुक्यातील हे गाव दि. बा. पाटील यांची जन्मभूमी. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. परंतु भूखंड मिळवायचा तर मूळ खातेदाराशी असलेले नाते कागदावर सिद्ध करावे लागते. पूर्वजांचा शोध येथे हौसेचा विषय राहत नाही. तो हक्काचा पुरावा होतो.

१८८६ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा ऐच्छिक होता. खेड्यातील शेतकरी त्यात क्वचितच सापडतो. त्याची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये आढळते. तीही पुष्कळदा मोडीत. शोधाची दिशाही सरळ नसते. पनवेल-उरणचा हा प्रदेश १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, पुढे कुलाब्यात गेला, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे एकाच घरात एकच नाव पुन्हा पुन्हा येते. ते आजोबा की नातू, हे पित्याच्या नावावरूनच ठरवावे लागते.

मराठीच्या अभ्यासकांना या कागदांतील दोन लहान शब्द महत्त्वाचे वाटावेत. 'बिन' म्हणजे अमक्याचा पुत्र, 'कोम' म्हणजे अमक्याची पत्नी. दोन्ही फारसी वळणाच्या दप्तरी भाषेतून आलेले. 'बिन'मुळे पुरुषाचा बाप कळतो आणि एकेक पायरी मागे जाता येते. 'कोम'मुळे स्त्रीचा नवरा कळतो. तिचे माहेर कळत नाही, आणि वाट तेथेच खुंटते. जन्माच्या जुन्या नोंदीत तर अनेकदा मुलाचे नावही नसते. बापाच्या नावापुढे केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. फेरफारात वारसनोंद होताना मुलगे कब्जेदार म्हणून लागतात, मुलींची नावे पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात जातात. १९५६ च्या कायद्याने मुलीला पित्याच्या मिळकतीत वाटा दिल्यानंतरही ही लेखनरीत सहजी बदलली नाही.

याचे कारण केवळ लिहिणाऱ्याच्या दृष्टीत शोधणे अपुरे ठरेल. दप्तर ज्या कामासाठी निर्माण झाले, तेवढ्यापुरतीच त्याची स्मृती असते. सातबाऱ्याला सारा कोण भरतो हे हवे होते. आजीचे माहेर त्याच्या कामाचे नव्हते. म्हणून दप्तरात नाव नाही याचा अर्थ ती व्यक्ती नव्हती असा नव्हे, तर ती विचारली गेली नव्हती, असा घ्यावा लागतो. साहित्याचा इतिहास लिहितानाही हे भान उपयोगी पडेल.

महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आईचे नाव अनिवार्य झाले. पुढील पिढ्यांना त्याचा लाभ होईल. मागील पिढ्यांसाठी मात्र दोनच मार्ग उरतात : मोडी वाचता येणारे विद्यार्थी घडवणे, आणि घरातील वृद्ध स्त्रियांना त्यांच्या आईचे व आजीचे माहेर विचारून लिहून ठेवणे. पहिल्याला थोडा अवधी आहे; दुसऱ्याला फारसा नाही.