१ ऑगस्ट १९२० : एक मृत्यू, एक जन्म आणि कोतवालाची वही

तुमसरहून पुन्हा एकदा. रेकॉर्डिंगच्या वेळी बाहेर पाऊस होता, त्यामुळे ऑडिओत मागं टिनावरच्या थेंबांचा आवाज येतोय. बराच प्रयत्न केला, निघाला नाही. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लेखी मजकूर.

दर १ ऑगस्टला सकाळी व्हॉट्सॲपवर एक फोटो येतोच येतो. डावीकडे पगडीतले लोकमान्य टिळक, उजवीकडे अण्णा भाऊ साठे, खाली एकाची पुण्यतिथी आणि दुसऱ्याची जयंती. मी शाळेत असताना फलकावर पण हेच असायचं. तारीख एक म्हणून कार्यक्रम एक, हार दोन, भाषण एकच. साल कुणी सांगायचं नाही. मला स्वतःला ते कॉलेजात गेल्यावर कळलं : दोघांचं सालही एकच आहे, १९२०. नुसता कॅलेंडरचा योगायोग नाही हा. एक माणूस गेला आणि त्याच दिवशी दुसरा आला.

आधी टिळकांचं बघू. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह नावाची इमारत आहे, टिळक मुंबईत आले की तिथं उतरायचे. तिथंच मध्यरात्र उलटून साधारण चाळीस मिनिटं झाल्यावर ते गेले. म्हणजे ३१ जुलैची रात्र संपली होती आणि १ ऑगस्ट जेमतेम सुरू झाला होता.

इथं माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा होतो. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त बग तारखेत आणि वेळेत सापडतात. दिवस नेमका कधी बदलतो? इंग्रजी हिशेबानं रात्री बाराला. पंचांगाच्या हिशेबानं वार सूर्योदयाला बदलतो. त्या हिशेबानं टिळक रविवारी नाही, शनिवारीच गेले. लंडनमध्ये तर तेव्हा ३१ जुलैची संध्याकाळ होती. आणखी गंमत म्हणजे त्या काळात मुंबईची स्वतःची वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं. १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी मुंबई शहरानं आपलं घड्याळ १९५५ पर्यंत सोडलं नव्हतं. चाळीस मिनिटांच्या जोरावर ठरलेली तारीख आणि शहरात एकोणचाळीस मिनिटांचा फरक असलेली दोन घड्याळं! आणि हे कुणाच्या बाबतीत? ज्या माणसानं 'ओरायन' लिहून आकाशातल्या नक्षत्रांवरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला, पंचांग सुधारावं म्हणून धडपड केली आणि ज्याच्या नावाचं पंचांग आजही निघतं, त्याच्या.

असो. सकाळी बातमी पसरली आणि मुंबई रस्त्यावर आली. भर पावसात अंत्ययात्रा निघाली. गिरगाव चौपाटीवर कुणाचे अंत्यसंस्कार होत नसत, तिथं खास परवानगी काढून ते झाले. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते, शौकत अली होते. या दिवसाची तासातासाची नोंद मिळते. वर्तमानपत्रं आहेत, फोटो आहेत, हजर असलेल्यांच्या आठवणी आहेत.

गांधीजी त्या दिवशी मुंबईत होते याला आणखी एक कारण होतं. असहकार चळवळ सुरू करायची तारीख आधीच जाहीर झाली होती, आणि ती होती १ ऑगस्ट १९२०. त्याच दिवशीच्या पत्रात त्यांनी व्हाइसरॉयना कळवलं, की सरकारनं दिलेली पदकं मी परत करतोय : कैसर-ए-हिंद, बोअर युद्धाचं आणि झुलू युद्धाचं. पुढं डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकारावर शिक्कामोर्तब झालं. नागपूर म्हणजे आपल्या तुमसर रोड स्टेशनावरून दोन-अडीच तास. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात नव्हतो, मध्यप्रांतात होतो, आणि गावं मालगुजारांची होती. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता तिसरी गोष्ट. वाळवे तालुक्यातलं वाटेगाव, आज सांगली जिल्ह्यात, तेव्हा साताऱ्यात. गावाबाहेरच्या मांगवाड्यात वालूबाई आणि भाऊराव साठे यांच्या घरी मुलगा झाला. नाव तुकाराम. त्याचा पुढं अण्णा भाऊ झाला. वाटेगावात त्या दिवशी वार्ताहर नव्हता, फोटोग्राफर नव्हता. ज्या समाजावर इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला होता, ज्याच्या माणसांना पोलिसांपुढं हजेरी द्यावी लागायची, त्या वस्तीतल्या पोराच्या जन्माची वेळ कोण टिपून ठेवणार?

जन्माची म्हणून एक गोष्ट मात्र सांगितली जाते. फकिरा इंग्रजांचा खजिना लुटून त्या दिवशी वाटेगावला आला आणि बाळंतिणीसाठी ओंजळभर सुरती रुपये देऊन गेला. हा तोच फकिरा, ज्याच्यावर अण्णा भाऊंनी १९५९ साली कादंबरी लिहिली, बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली, आणि जिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. गोष्ट जशीच्या तशी घडली का, या वादात मी पडणार नाही. मला तिच्यातलं दुसरंच काही आवडतं. कागदावर ज्याची वेळ नाही, त्याचा दिवस त्याच्या माणसांनी गोष्टीत बांधून ठेवला. मिनिटं नाहीत, पण रुपयांचा खणखणाट आहे.

शाळेत अण्णा भाऊ दीड दिवस गेले. मग आईवडिलांबरोबर पायी मुंबई. कोळसा उचलणं, पडेल ते काम, गिरणी. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात ते चळवळीत आले, आणि १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. १९६१ साली रशियाला जाऊन आले, १८ जुलै १९६९ ला गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. त्यांचं साहित्य, संयुक्त महाराष्ट्र, हे सगळं एका एपिसोडात कोंबणार नाही, त्यांच्यावर वेगळा करायचाय.

आणि हो, १ ऑगस्टला सरकारी दिवसही असतो : महसूल दिन. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, ३१ जुलैला संपतं. तहसील कार्यालयात सत्कार, प्रमाणपत्रवाटप वगैरे. आपल्याकडं तेव्हा रोवणी जोरात असते, बांधीत पाणी, हातात पऱ्हे. त्यामुळे कार्यक्रमाला शेतकरी किती येत असतील, तुम्हीच विचार करा.

या महसुलाच्या दप्तरातच माझा ह्या विषयाशी खरा संबंध आला. मागच्या वर्षी चुलत बहिणीच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, विदर्भात अशा वेळी सोनं म्हणजे कोतवाल पंजी. मध्यप्रांताच्या काळात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद सांगायचा आणि ती वहीत चढायची : तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव बहुतेक वेळा नाहीच, कारण तेव्हा बारसंच झालेलं नसायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर नावाचा रकाना 'नल'.

आमच्या आजोबांचा वाढदिवस आम्ही नेहमी १ जुलैला केला. आधार कार्डावर तेच, पेन्शनच्या कागदावर तेच. तुमच्याही घरात कुणीतरी १ जूनचं नाहीतर १ जुलैचं असेलच. मास्तरांनी पोराकडं बघितलं, शाळेत घ्यायला वय बसलं पाहिजे म्हणून शाळा सुरू व्हायच्या वेळची एक तारीख टाकली, झालं. मी एकदा ऑफिसात महाराष्ट्रातल्या ग्राहकांचा डेटा तपासत होतो, तर जुन्या लोकांत या दोन तारखांचा नुसता डोंगर. बरोबरच्या बंगळूरूच्या मुलाला वाटलं, सिस्टीमची डिफॉल्ट व्हॅल्यू असणार. म्हटलं, आहेच, पण आपल्या सिस्टीमची नाही.

तर पंजीची नक्कल मिळाली. पिवळट कागद, बोरूसारखं जाड अक्षर. पणजोबांचं नाव, जात, पुढं 'मुलगा', आणि तारीख सप्टेंबरातली. सालही शाळेच्या दाखल्यापेक्षा एकानं पुढचं. म्हणजे आजोबा नोकरीतून वर्षभर आधीच रिटायर झाले होते.

मी नक्कल त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. वर्षभराच्या पगाराबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "आई म्हणायची, तू झाला तेव्हा धान पोटरीत आला होता. मी म्हणायचो, जुलैत कसा येईल वो? तिलाच आठवत नसंल."

धान पोटरीत येतो सप्टेंबरातच.