धावपट्टीवरील दीपरचना : ड्रेम ते तैपेई

विमानतळावरील दिव्यांचा इतिहास सामान्यतः वाढत्या दीप्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हे वर्णन खोटे नसले तरी अपुरे आहे. रात्री उतरणाऱ्या वैमानिकास न दिसणाऱ्या जमिनीविषयी काही निश्चित गोष्टी कळविणे, हे या दिव्यांचे मुख्य कार्य होय. म्हणून त्यांच्या मांडणीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश हवाई दलाच्या तळांवर रात्री रॉकेलच्या दिव्यांची ओळ मांडीत. स्पिटफायर विमानास ती फारशी उपयोगी पडेना. या विमानाच्या लांब नाकाडामुळे सरळ उतरताना समोरचे काही दिसत नसे, म्हणून वैमानिक वळण घेत धावपट्टीकडे येई. शिवाय उघडे दिवे शत्रूच्याही दृष्टीस पडत. स्कॉटलंडमधील ड्रेम तळाचे प्रमुख रिचर्ड ॲचर्ली यांनी १९४० मध्ये यावर तोड काढली. विमानाच्या वळणमार्गास अनुसरून तळाभोवती विजेचे दिवे बसवून त्यांवर अशा झडपा लावल्या की, उतरणाऱ्या वैमानिकास ते दिसावेत व इतरांस दिसू नयेत. पुढे ही पद्धती हवाई दलात सर्वत्र रूढ झाली.

युद्धोत्तर काळात प्रश्न पालटला. रेडिओच्या साहाय्याने विमान धुक्यातूनही धावपट्टीजवळ येऊ लागले; परंतु अखेरच्या काही क्षणी वैमानिकास उपकरणांवरील नजर काढून बाहेर पाहावेच लागे. त्या वेळी दिव्यांची केवळ एकच ओळ तिरपी दिसली, तर विमान बाजूस सरकले आहे की एका पंखावर कलले आहे, हे कळण्यास मार्ग नसे. फार्नबरो येथील संशोधक ई. एस. कॅल्व्हर्ट यांनी मध्यरेषेस छेदणाऱ्या आडव्या दीपपट्ट्या योजिल्या. या पट्ट्या वैमानिकास क्षितिजाची जागा भरून देतात. त्यांच्या पूर्ण रचनेत ९०० मीटर लांबीच्या मध्यरेषेवर १५० मीटरांच्या अंतराने पाच पट्ट्या असतात. मध्यरेषेवर प्रारंभी तीन-तीन, मग दोन-दोन व शेवटच्या ३०० मीटरांत एकेक दिवा असतो. त्यावरून उरलेले अंतर कळते.

हीच दृष्टी जमिनीवरील दिव्यांच्या बांधणीतही आढळते. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे, उंबरठ्याचे हिरवे, अंताचे तांबडे. टॅक्सी-मार्गाच्या कडेचे निळे व मध्यरेषेचे हिरवे असतात. सर्व दिवे सारख्याच तेजाने दिसावेत म्हणून त्यांना एकसर जोडणीतून स्थिर विद्युतप्रवाह पुरवितात. मात्र प्रत्येक दिव्यास स्वतंत्र रोहित्र असते. त्यामुळे एक दिवा गेला तरी उरलेले विझत नाहीत. महत्त्वाच्या ठिकाणी लगतचे दिवे दोन निरनिराळ्या मंडलांवर जोडतात. एक मंडल बंद पडले तरी आकृती ओळखू यावी, हा त्यातील हेतू होय.

आकृती सदोष राहिल्यास काय घडते, हे तैपेईच्या विमानतळावर ३१ ऑक्टोबर २००० रोजी दिसले. वादळी रात्री सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७४७ हे डाव्या धावपट्टीऐवजी, बांधकामासाठी अंशतः बंद असलेल्या समांतर धावपट्टीवरून उड्डाण करू लागले व तेथील यंत्रसामग्रीवर आदळले. विमानातील १७९ जणांपैकी ८३ जण मृत्यू पावले. टॅक्सी-मार्गावरील हिरव्या दिव्यांची ठळक रांग त्या बंद धावपट्टीकडे वळत होती. योग्य धावपट्टीकडे जाणारे दिवे विरळ असून त्यांपैकी एक बंद व एक मंद होता. वैमानिकांनी आपले स्थान पडताळून पाहिले नाही, हा दोष तपासात नोंदला गेला. दिव्यांच्या त्रुटीस किती महत्त्व द्यावे, याविषयी मात्र तैवान व सिंगापूर यांच्यात मतभेद राहिला.

हा मतभेद इतिहासाच्या अभ्यासकास उद्बोधक आहे. ॲचर्ली व कॅल्व्हर्ट यांनी वैमानिकास काय दिसते, येथून विचारास आरंभ केला होता. दिव्यांनी दाखविलेल्या वाटेवर वैमानिकाने विश्वास ठेवावा, अशीच ही सारी व्यवस्था आहे. तेव्हा ती वाट चुकीची निघाल्यास दोष केवळ वाटसरूच्या माथी मारून चालणार नाही.