इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी व अभिलेख : अमेरिकेतील राज्यविधी व संघीय विधी

इलेक्ट्रॉनिक साधनांनी तयार केलेली, पाठविलेली वा साठविलेली माहिती म्हणजे इलेक्ट्रॉनिक अभिलेख. आणि सही करण्याच्या हेतूने अशा अभिलेखास जोडलेला अथवा त्याच्याशी तर्कतः निगडित असलेला ध्वनी, चिन्ह किंवा प्रक्रिया म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या विषयावर घटकराज्ये व संघराज्य या दोहोंचे कायदे एकाच वेळी लागू आहेत.

पार्श्वभूमी : अमेरिकेत करारविषयक कायदा मुख्यतः घटकराज्यांच्या कक्षेत येतो. फसवणूक टाळण्यासाठी काही करार लेखी व स्वाक्षरीयुक्त असावेत, हा १६७७ च्या इंग्लिश अधिनियमातील नियम तेथील राज्यांनी स्वीकारला होता. नव्या साधनांमुळे ‘लेखी’ या शब्दाचा अर्थ काय घ्यावा, हा प्रश्न तारायंत्राच्या काळातच उद्‌भवला. हाउली विरुद्ध व्हिपल या खटल्यात (१८६९) न्यू हँपशरच्या सर्वोच्च न्यायालयाने तारेने कळविलेला करार लेखी मानता येतो, असे मत मांडले. लिहिण्याचे साधन टाक आहे की विजेची तार, यावर कराराचे बल अवलंबून नाही, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

राज्यांचे प्रारंभिक कायदे : यूटा राज्याने १९९५ मध्ये अंकीय स्वाक्षरीचा अधिनियम प्रथम संमत केला. खाजगी व सार्वजनिक किल्ल्यांची सांकेतिक पद्धती आणि परवानाधारक प्रमाणक संस्था यांवर तो आधारलेला होता. किल्ली जपण्याची जबाबदारी धारकावर होती. एकाच तंत्रावर भिस्त ठेवणारा हा अधिनियम व्यवहारात फारसा रुजला नाही व २००६ मध्ये तो रद्द करण्यात आला. कॅलिफोर्नियाने १९९५ मध्येच, परंतु केवळ शासकीय संस्थांशी होणाऱ्या व्यवहारांपुरते, स्वाक्षरीचे निकष ठरविले. इलिनॉय (१९९८) व न्यूयॉर्क (१९९९) या राज्यांचे कायदे आणखी निराळे होते. परिणामी एका राज्यात ग्राह्य ठरणारी स्वाक्षरी दुसऱ्या राज्यात ग्राह्य ठरेलच, अशी खात्री उरली नाही.

एकरूप अधिनियम, १९९९ : ही विविधता दूर करण्यासाठी एकरूप राज्यकायद्यांच्या आयुक्तांच्या राष्ट्रीय परिषदेने १९९९ मध्ये एकरूप इलेक्ट्रॉनिक व्यवहार अधिनियमाचा नमुना तयार केला. त्यात कोणत्याही विशिष्ट तंत्राचा आग्रह नाही. व्यवहार इलेक्ट्रॉनिक रीतीने करण्यास दोन्ही पक्षांची संमती असावी लागते. तथापि ती त्यांच्या वर्तनावरूनही ठरविता येते. स्वाक्षरी कोणाची मानावी, संदेशातील चूक कशी निस्तरावी, संदेश केव्हा पाठविला व केव्हा पोचला असे समजावे, याचेही नियम त्यात आहेत.

संघीय अधिनियम, २००० : राज्ये हा नमुना केव्हा व कोणत्या स्वरूपात स्वीकारतील, याची शाश्वती नव्हती. कॅलिफोर्नियाने तो १९९९ मध्येच स्वीकारला, पण त्यात पुष्कळ अपवाद घातले. अशा स्थितीत काँग्रेसने आंतरराज्यीय व परराष्ट्रीय व्यापारासाठी स्वतंत्र अधिनियम संमत केला. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ३० जून २००० रोजी त्यावर स्वाक्षरी केली व १ ऑक्टोबर २००० पासून तो अंमलात आला. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपाच्या कारणावरून स्वाक्षरी, करार वा अभिलेख यांचे विधिमूल्य नाकारता येणार नाही, हे त्याचे सूत्र होय. मात्र चूक, प्रेषण, प्राप्ती इ. बाबींविषयी तो बहुतांशी मौन पाळतो.

परस्परसंबंध : सामान्यतः संघीय कायद्याशी विसंगत असलेला राज्यकायदा निष्प्रभ ठरतो. येथे मात्र काँग्रेसने राज्यांना परतीची वाट ठेवली. एकरूप अधिनियम मूळ स्वरूपात स्वीकारणाऱ्या राज्यास संघीय अधिनियमाच्या मुख्य तरतुदींऐवजी आपला कायदा लागू करता येतो. पर्यायी नियम करावयाचे असल्यास ते संघीय अधिनियमाशी सुसंगत असावेत आणि त्यांनी विशिष्ट तंत्रास झुकते माप देऊ नये, अशी अट आहे. नमुन्यातील मोकळीक वापरून विसंगत अपवाद घातल्यास तेवढ्यापुरता संघीय अधिनियम वरचढ ठरतो.

ग्राहकहित व अपवाद : दोन्ही कायद्यांतील महत्त्वाचा भेद ग्राहकसंरक्षणात दिसतो. ग्राहकास लेखी माहिती देणे जेथे कायद्याने आवश्यक आहे, तेथे ती इलेक्ट्रॉनिक रूपात देण्यापूर्वी संघीय अधिनियमानुसार त्याची स्पष्ट संमती घ्यावी लागते आणि तो अभिलेख त्यास उघडता येतो, हे त्याच्या संमतीच्या रीतीवरून वाजवीपणे दिसावे लागते. एकरूप अधिनियमात अशी तपशीलवार अट नाही. मृत्युपत्रे दोन्ही कायद्यांनी वगळली आहेत. संघीय अधिनियमाने त्याखेरीज दत्तक व घटस्फोट, न्यायालयीन आदेश, पाणी वा वीज तोडण्याच्या सूचना, राहत्या घरातून निष्कासन वा त्याची जप्ती आणि आरोग्यविमा रद्द करणे यांविषयीच्या सूचनाही वगळल्या आहेत. न वाचलेल्या संदेशापायी कोणाचे घर वा उपचार हिरावले जाऊ नयेत, हा या वगळणुकीमागील आशय होय.

वॉशिंग्टन (२०२०) व इलिनॉय (२०२१) या राज्यांनी एकरूप अधिनियम स्वीकारल्यानंतर न्यूयॉर्क हे एकच राज्य त्याबाहेर राहिले असून तेथे स्वतःचा १९९९ चा कायदा चालू आहे. २००२ मध्ये त्यातील स्वाक्षरीची व्याख्या संघीय व्याख्येशी जुळती करण्यात आली. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने प्रारंभी यूटाप्रमाणेच किल्ल्यांवर आधारित अंकीय स्वाक्षरीस मान्यता दिली. २००८ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी ही व्यापक संज्ञा स्वीकारण्यात आली. तंत्र बदलत असल्याने कायद्याने साधन निश्चित करण्याऐवजी हेतू व संमती यांवर भर द्यावा, हाच या इतिहासाचा निष्कर्ष म्हणता येईल.