विजेचा ठोका आणि कत्तलखाना: एका तंत्राची कुळकथा

जनावराच्या पेशीत बाहेरचे जनुक किंवा तयार प्रथिन पोचवायचे, तर आधी तिच्या पटलातून वाट काढावी लागते. हे पटल जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचे, मेदरेणूंच्या दोन थरांचे असते, पण डीएनएसारख्या मोठ्या विद्युतभारित रेणूला ते दाद देत नाही. सेकंदाच्या हजाराव्या-लाखाव्या भागापुरता विजेचा ठोका दिला की त्यात सूक्ष्म छिद्रे पडतात, रेणू आत शिरतो आणि छिद्रे मिटतात. या तंत्राला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. त्याची कथा बहुधा गॅल्व्हानीच्या बेडकापासून सांगितली जाते. कुळाचा खरा धागा मात्र मांसाच्या धंद्यात आणि कत्तलखान्यात सापडतो. हे तंत्र दुसरीकडे तयार होऊन मग गुरांपर्यंत आले असे नाही. त्याची पहिली महत्त्वाची पावले गुरांच्याच ऊतींवर पडली.

गॅल्व्हानीच्या १७९१च्या लेखात स्नायू आकसतो. पेशीत काही शिरत नाही. शरीरक्रियाशास्त्रज्ञ श्टेम्फ्लीचा जनकत्वाचा दावा अधिक वजनदार आहे. विजेने कोलमडलेले पटल पुन्हा पूर्ववत होते हे त्याने १९५८ मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर दाखवले. पटल सांधले जाणे हा या तंत्राचा अर्धा जीव आहे, आणि तो मान श्टेम्फ्लीलाच द्यायला हवा. पण त्याचा प्रश्न मज्जातंतूच्या विद्युतगुणांचा होता. पेशी उघडून पदार्थांची ने-आण करायची, हा विचार त्यात नव्हता.

तो विचार हाइन्झ डोवेनश्पेक या जर्मन अभियंत्याच्या कामात दिसतो. पेशी आणि पेशीभित्ती यांवर विद्युत ठोक्यांचा काय परिणाम होतो, याविषयीचा त्याचा लेख १९६१ मध्ये ‘फ्लाइशविर्टशाफ्ट’ या मांसव्यवसायाच्या नियतकालिकात छापला गेला. त्याचा हेतू व्यावहारिक होता: प्राणिज मालातल्या पेशी विजेने उघडायच्या आणि आतले द्रव व मेद वेगळे काढायचे. पुढे १९८०च्या दशकात क्रुप कंपनीने याच तत्त्वावर मासळीचा लगदा आणि कत्तलखान्यातला टाकाऊ माल यांसाठी यंत्रणा उभारली. सेल आणि हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये दाखवले की तीव्र विद्युत क्षेत्रात जंतू मरतात ते उष्णतेने नव्हे, तर पटल निकामी झाल्याने. दोन्हीकडे पेशी उघडत होती, पण जगत नव्हती.

निर्णायक वळण १९७२चे. एबरहार्ड नॉयमान आणि कुर्ट रोझेनहेक यांनी इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेत गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींमधले क्रोमॅफिन कण घेतले. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसणारी ही ग्रंथी कत्तलखान्यातून ताजी आणि हवी तितकी मिळते. तिच्या गाभ्यातल्या कणांत अ‍ॅड्रेनॅलिन ठासून भरलेले असते, त्यामुळे पटल उघडले की नाही हे बाहेर आलेल्या द्रव्यावरून मोजता येते. सेंटिमीटरला सुमारे २० किलोव्होल्टचे ठोके दिल्यावर द्रव्य बाहेर पडले, आणि कणांचे पटल फाटून न जाता पुन्हा मिटले. जर्मनीतल्या यूलिशच्या त्सिमरमान गटाने १९७४ मध्ये पटलाच्या विद्युतभंगाचे मोजमाप केले, तेही माणसाच्या आणि गाईच्या तांबड्या रक्तपेशींवर. डोवेनश्पेकचा लेख पुढच्यांनी वाचला होता की नाही, यावर हा युक्तिवाद उभा नाही. विपुल, स्वस्त आणि ताजी ऊती कुठे मिळते हा प्रश्न सगळ्यांपुढे सारखाच होता, आणि त्याचे उत्तर कत्तलखान्यात होते.

जनुक आत घालण्याचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे: १९८२ मध्ये नॉयमान आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींत थायमिडिन कायनेजचे जनुक विजेने घातले. बोटाएवढी प्लॅस्टिकची चौकोनी नळी, आत समोरासमोर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मधे दोन किंवा चार मिलिमीटर अंतर. आज ठोका द्यायचे पात्र इतकेच असते. पटलावर पडणारा ताण साधारणपणे क्षेत्राच्या तीव्रतेला पेशीच्या त्रिज्येने आणि दीडने गुणल्याइतका असतो, आणि तो एक व्होल्टच्या आसपास गेला की पटल उघडते. दहा मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीला सेंटिमीटरला एक किलोव्होल्ट पुरतो, म्हणजे चार मिलिमीटरच्या नळीत चारशे व्होल्ट. क्रोमॅफिन कण कितीतरी लहान, म्हणून तिथे वीसपट लागले. गाईचे बीजांड मोठे, म्हणून त्याला थोडक्यात भागते.

याच ठोक्याने शेजारच्या दोन पेशी एकमेकींत मिसळतात. भ्रूणशास्त्रज्ञ विलाडसेनने १९८६ मध्ये मेंढीच्या भ्रूणांवर हे वापरले आणि १९९६ मध्ये डॉली ही क्लोन मेंढी जन्मली तीही विजेने जोडलेल्या पेशींतून. भारतात क्लोनिंगच्या या शाखेला सर्वांत आधी फळ आले ते म्हशीत. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत ६ जून २००९ रोजी गरिमा हे मुऱ्हा जातीचे क्लोन पारडू जन्मले. त्याआधी फेब्रुवारीत जन्मलेले पहिले पारडू जगले नव्हते. पद्धत हाताने करायची होती: बीजांडाचे बाह्य आवरण काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पात्याने केंद्रक असलेला भाग कापून टाकायचा, अशा दोन केंद्रकरहित भागांना कायिक पेशी चिकटवायची आणि ठोका द्यायचा.

या कामाचे महत्त्व कल्याणच्या रेतीबंदरसारख्या भागातल्या तबेल्यांकडे पाहिले की कळते. रोहतक-हिसारकडची ताजी व्यालेली मुऱ्हा मुंबई-ठाणे-कल्याणला येते, एक वेत दूध देते आणि आटली की तिला शहरात पोसणे परवडत नाही. भाकड म्हशी खेड्यात परत धाडल्या जातात किंवा कत्तलीला जातात. तबेले हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत झाली, पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात दापचरी प्रकल्पही उभा राहिला. जागा बदलली तरी उत्तम दुभत्या वंशाची गळती थांबली नाही. कानाच्या कातडीचा कण जपून ठेवला, तर अशा म्हशीचा वंश विजेच्या ठोक्याने परत मिळू शकतो.

गाय मात्र मागे राहिली. गंगा हे गीर जातीचे क्लोन वासरू कर्नालला जन्मले ते मार्च २०२३ मध्ये, गरिमाच्या जवळजवळ चौदा वर्षांनी. गाईवरचा प्रकल्पच २०२१ मध्ये सुरू झाला, असे उत्तर देता येईल. पण तो उशिरा का सुरू झाला? म्हशीचे बीजांडकोश कत्तलखान्यातून मिळतात. गाईचे बहुतेक राज्यांत मिळत नाहीत: महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी आली, २०१५ मध्ये बैल आणि वळूंच्याही. मुंबईतला देवनारचा कत्तलखाना म्हशीचे अवयव देऊ शकतो, गाईचे नाही. गंगेसाठी बीजांडे जिवंत गाईंतून, अल्ट्रासाउंडच्या मदतीने सुईने ओढून घ्यावी लागली. चौदा वर्षांच्या अंतराचे मुख्य कारण हेच असावे.

आता जनुकाऐवजी प्रथिनच आत घालतात. जपानच्या तोकुशिमा विद्यापीठात तानिहारा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये डुकराच्या फलित बीजांडांत डीएनए कापणारे कॅस-९ प्रथिन विजेने घातले: मिलिमीटरला ३० व्होल्टचे, एक मिलिसेकंदाचे पाच ठोके. बीजांडे कत्तलखान्यातल्या बीजांडकोशांतलीच होती. प्रथिन काम करून काही काळात नष्ट होते, बाहेरचा डीएनए मागे राहत नाही. कॅलिफोर्नियात डेव्हिसला २०२० मध्ये गाईच्या भ्रूणांवर, आवरण शाबूत ठेवून, हेच साधले. अडचण मिश्र भ्रूणांची आहे. कॅस-९ पोचेपर्यंत पेशीविभाजन पुढे सरकले, तर काही पेशींत बदल होतो आणि काहींत नाही, म्हणून ठोका फलनानंतर किती तासांनी द्यायचा यावर सारी मेहनत चालली आहे.