हिलगार्ड, यूजीन वॉल्डेमार

हिलगार्ड, यूजीन वॉल्डेमार : (५ जानेवारी १८३३–८ जानेवारी १९१६). जर्मनीत जन्मलेले अमेरिकन मृदारसायनशास्त्रज्ञ व भूवैज्ञानिक. जमिनीचे गुणधर्म व हवामान यांचा परस्परसंबंध दाखविण्याबद्दल, तसेच चोपण जमिनींच्या सुधारणेविषयीच्या संशोधनाबद्दल ते प्रसिद्ध आहेत.

त्यांचा जन्म बव्हेरियाच्या राज्यातील त्स्वायब्रुकेन येथे झाला. त्यांच्या बालपणीच कुटुंब अमेरिकेत बेलव्हिल (इलिनॉय) येथे स्थायिक झाले. उच्च शिक्षणासाठी ते यूरोपात परतले आणि हायडल्‌बर्ग विद्यापीठातून त्यांनी १८५३ मध्ये डॉक्टरेट मिळविली. तेथे रोबेर्ट बन्सन हे त्यांचे गुरू होते.

मिसिसिपी राज्याचे भूवैज्ञानिक असताना त्यांनी राज्याच्या भूविज्ञानाविषयी व शेतीविषयी अहवाल लिहिला (१८६०). त्या काळी जमिनीच्या रासायनिक विश्लेषणातून शेतकऱ्याला उपयोगी असे काही हाती लागत नाही, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत झाले होते. दोष विश्लेषणात नसून नमुन्यांच्या निवडीत आहे, असे हिलगार्ड यांचे म्हणणे होते. नांगरटीने व खतांनी बदललेल्या शेतातील मातीऐवजी अस्पर्शित जमिनीची माती तपासावी, आणि तिच्यावरील नैसर्गिक वनस्पती, थराची खोली व निचरा यांच्याशी निष्कर्ष ताडून पहावेत, असे त्यांनी प्रतिपादिले.

मिशिगन विद्यापीठातील अल्पकालीन अध्यापनानंतर १८७५ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) शेतकी विषयाचे प्राध्यापक झाले व तेथील कृषी संशोधन केंद्राची त्यांनी उभारणी केली. मिसिसिपीच्या आर्द्र हवामानानंतर कॅलिफोर्नियाच्या शुष्क प्रदेशातील जमिनी अभ्यासावयास मिळाल्याने त्यांना तुलनेची संधी लाभली. भरपूर पावसाच्या प्रदेशात चुना, पोटॅश इ. विद्राव्य द्रव्ये धुपून जातात. अल्प पावसाच्या प्रदेशात ती जमिनीतच राहतात. त्यामुळे ओसाड दिसणारी जमीन पाणी मिळताच सुपीक ठरते. मात्र त्याच कारणाने तीत सोडियमाची लवणेही साचलेली असतात. हे विवेचन त्यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जमीन व हवामान यांच्या संबंधांवरील अहवालात केले. रशियात व्ह. व्ह. डोकुचायेव्ह याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच विचारापर्यंत पोहोचले होते.

सिंचनाने भूजलपातळी चढते आणि बाष्पीभवनामुळे लवणे पृष्ठभागावर येतात, हा धोका हिलगार्ड यांनी स्पष्टपणे दाखविला. उत्तर भारतातील ‘रेह’ जमिनींचा अनुभवही त्यांनी विचारात घेतला होता. पांढरे क्षार (सोडियम क्लोराइड व सल्फेट) निचऱ्याने व पाण्याने धुऊन काढता येतात. सोडियम कार्बोनेटयुक्त जमीन मात्र घट्ट व पाणी न झिरपणारी होते आणि ह्यूमस विरघळल्याने काळी दिसते. तिच्यात जिप्सम मिसळल्यास कॅल्शियम कार्बोनेट व कमी घातक सोडियम सल्फेट तयार होते. नंतर निचऱ्याने ते काढून टाकता येते. या क्रियेत मृदाकणांवरील सोडियमाची जागा कॅल्शियम घेते, हे पुढे के. के. गेद्रोइट्स यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. तथापि जिप्समाचा उपाय कायम राहिला. महाराष्ट्रात नीरा खोऱ्यातील कालव्याखालील खारवट जमिनींची पाहणी हॅरल्ड मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली (१९१०), तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा होता.

बहुतेक सर्व जमिनींत वनस्पतींना पुरेशी पोषकद्रव्ये असतात, असे मत अमेरिकेच्या मृदा विभागाचे प्रमुख मिल्टन व्हिटनी यांनी १९०३ मध्ये मांडले. हिलगार्ड यांनी त्याला कसून विरोध केला. हे मत मान्य झाले असते, तर जमिनीचा कस टिकविण्याची गरजच उरली नसती. पुढील संशोधनाने व्हिटनी यांचे मत टिकले नाही.

१९०४ मध्ये ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले. सॉइल्स (१९०६) हा त्यांचा ग्रंथ मृदाविज्ञानातील प्रमाणग्रंथ मानला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९२५ मध्ये सुरू केलेल्या कृषिविषयक नियतकालिकास त्यांच्या नावावरून हिलगार्डिया हे नाव देण्यात आले. बर्कली येथे त्यांचे निधन झाले.